बंड्यास, उशिराने

नागपूर, मे महिना

प्रिय बंड्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आई बरी, माझी पाठ तशीच, पारा ४५ वर, कूलर नुसता ओरडतो.

माझा गायींवरचा प्रयोग बुडाला बे.

आजारी गायींच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) आपला मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांना लगाम घालणारा आरएनएचा चिमुकला तुकडा, निम्मा, हे मी तीन वर्षं सांगत फिरलो. पीसीआर यंत्र दर सायकलला रेणू दुप्पट करत मोजतं, म्हणून निम्मा म्हणजे तिथे एका सायकलचा फरक, तोही १६ नंबरच्या मायक्रो-आरएनएच्या तुलनेत. जेमतेम २२ अक्षरांचा जीव, शेजारी दुसरा ठेवूनच मोजावा लागतो. पण हा १६ तांबड्या पेशींत ठासून भरलेला. पेशी फुटल्या की सीरममध्ये तोच वाढतो, मग दुसरा जागचा हलला नाही तरी कमी दिसतो.

आता आठव. निरोगी गायी कॉलेजच्या गोठ्यातल्या, रक्त लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये. आजारी गायी काटोलकडच्या, नळ्या स्कूटरच्या डिक्कीत, भर उन्हात. तू म्हणालास, "हे गुलाबी दिसते बे." तांबड्या पेशी फुटल्या की सीरम गुलाबी होतं, पण मी म्हटलं, बीएस्सीला फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी तरी ओळखता आला होता का तुला? (ब्युरेट मीच फोडला होता, कबूल. पैसे तू भरलेस.)

परवा रात्री उरलेल्या नळ्यांत ४५१ आणि २३अ हे दोन मायक्रो-आरएनए मोजले. ४५१ तांबड्या पेशींचा. २३अ ला पेशी फुटल्याचं सोयरसुतक नाही. दोघांत सातहून जास्त सायकलींचं अंतर म्हणजे रक्त फुटलेलं. नियम माणसांच्या रक्तावरचा आहे, गायीला तंतोतंत लागू नसेल. पण जवळपास सगळा आजारी गट पलीकडे आणि निरोगी गट अलीकडे! पहाटे तीनला एकटाच हसत बसलो.

सरांना अजून बोललो नाही. ते पेपर पाठवायला निघालेत. कोरियातल्या एका प्रयोगशाळेला कळलं, की पेशी थोड्या असल्या तर ट्रायझॉलमध्ये (पेशींतून आरएनए काढायचं रसायन) काही बारीक आरएनए हरवतात. त्यांनी आपलाच पेपर मागे घेतला आणि २०१२ साली ते कारणच छापलं. पण त्यांचं नाव मोठं. माझं नाव फक्त मेसच्या उधारीच्या वहीत. २०२४ ला मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी अॅम्ब्रोस-रुवकुनला नोबेल मिळालं तेव्हा बर्डीवर तर्री पोहे आपण असे हाणले, जसं काही आपल्यालाच मिळालं.

पोरीचं बारसं हुकलं, बोलायला तोंड नाही. नाव काय ठेवलं? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

त्या दिवशी डिक्कीतल्या नळ्यांचा फोटो तू काढला होतास. असेल तर पाठव. सोमवारी सरांकडे जातो, रंग दाखवावा लागेल.

तुझा,
मध्या