वेळापत्रकाआधी वेळेची नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेळेचे नियोजन शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक आखण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. तासातासाला बांधलेला दिवस एक फोन लांबला तरी विस्कटतो आणि चार दिवसांत माणूस ‘आपल्याला शिस्तच नाही’ अशी समजूत करून घेतो. वास्तविक चूक अंदाजाची असते. पूर्वी तशीच कामे लांबल्याचा अनुभव असूनही माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ बहुधा कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले आहे.

म्हणून आधी आठवडाभर केवळ नोंद ठेवावी. काम सुरू करताना आणि संपवताना घड्याळ पाहून वहीत वेळ लिहावी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत सोयीचे तेवढेच उरते. मी एका पत्राच्या उत्तरासाठी १५ मिनिटे धरली होती. ९.१० ला बसलो, ९.१८ ला जुना कागद शोधायला उठलो, मध्येच मोबाइल हातात आला आणि पत्र संपले १०.०५ ला. लिहिणे थोडक्याच वेळाचे होते. शोधाशोध आणि पुन्हा लक्ष लावणे मी कधी हिशेबात धरलेच नव्हते. आता लागणारे कागद आदल्या रात्रीच काढून ठेवतो.

आठवड्याचे तास १६८. रोजची आठ तास झोप वजा जाता ११२ उरतात आणि त्यांतून नोकरी, प्रवास, घरकाम, आजारी माणसाची सेवा गेल्यावर अनेकांच्या हाती फारच थोडे राहतात. अशांना ‘वेळ काढला की मिळतो’ असे सुनावणे मला अन्यायाचे वाटते. निदान वही पुढे ठेवून घरात कामांची वाटणी मागणे त्यांना सोपे जाईल.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाला दोन-तीनच कामे ठरवावीत, त्यांना नोंदीत दिसलेला वेळ द्यावा आणि मध्ये मोकळीक सोडावी. चालढकल होणाऱ्या कामाला फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांतीची पद्धत उपयोगी पडते. त्यासाठी साधा गजर पुरतो.

आपल्या पुरवणीत दिनचर्येवरील लेखांसोबत वेळ, काम आणि व्यत्यय अशा तीन रकान्यांचा कोरा तक्ता छापावा, ही विनंती. वाचकाला तो कापून त्याच दिवशी भरायला घेता येईल.

आपला,
एक नियमित वाचक