म्हातारीची भूमिका घेतलीय

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही. बाबांना मशीन लावूनही निम्मं ऐकू येत नाही, मग आई मधे पडून माझं म्हणणं तिच्या भाषेत सांगते, आणि बाबांपर्यंत जे पोचतं ते मी बोललेलंच नसतं. म्हणून पत्र. आई, मोठ्यांदा वाच, पण पदरचं काही घालू नकोस.

तर, नवीन नाटक घेतलंय. भूमिका अडुसष्ट वर्षांच्या बाईची. बाबा, तुम्ही म्हणालात ना, "आत्तापासून म्हातारी कशाला? एकदा झालीस की पुन्हा तरुण करत नाहीत," त्यात खोटं काही नाही. आमच्या धंद्याचा हिशोब तोच आहे. पण त्याच सुमाराला एका मालिकेत नायकाच्या आईचं काम विचारलं होतं, नायक माझ्याहून सहा वर्षांनी लहान, ते मी सोडलं. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी आई व्हायला नकार आणि थेट आजी व्हायला होकार. तुम्हाला हे उफराटं वाटणार हे माहीत होतं.

त्या मालिकेतल्या आईची लुक टेस्ट झाली होती. जरीकाठाची साडी, मोठं कुंकू, हातात निरांजन. मेकअपदादांनी कानशिलाजवळ ब्रशने दोन पांढऱ्या रेघा ओढल्या आणि बाकीचा चेहरा अर्धा तास घासूनपुसून लोण्यासारखा केला, कारण हल्लीच्या एचडी कॅमेऱ्यात त्वचेचं छिद्र न् छिद्र दिसतं. माझ्या खऱ्या पांढऱ्या केसांना मात्र आधी डाय लावायला सांगितला होता. खरे पांढरे काळे करायचे आणि त्यावर खोटे पांढरे काढायचे! आई दिसली पाहिजे पण बाईचं वय दिसता कामा नये, अशी ती मागणी. ते मला जमण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला.

बाबा, तुम्ही सुलोचनादीदींचं नाव निघालं की पंखा बंद करून ऐकायला बसता. 'वहिनींच्या बांगड्या'पासूनचा तुमचा जीव आहे त्यांच्यावर. दीदींचा जन्म १९२८चा. १९७० साली 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या देव आनंद आणि प्राण या दोघांची आई झाल्या. देव आनंद १९२३चे, प्राण १९२०चे. दोन्ही मुलगे आईपेक्षा वयाने मोठे! आपण सगळ्यांनी तो सिनेमा टीव्हीवर पाहिला, कुणाला काही खटकलं? मलाही खटकलं नव्हतं. राखी १९७६ साली 'कभी कभी'त अमिताभची प्रेयसी होती आणि १९८२ साली 'शक्ती'त त्याची आई. वयाने त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. मधल्या सहा वर्षांत तिचं वय वाढलं ते सहाच वर्षांनी, पण पडद्यावर ती एक अख्खी पिढी ओलांडून गेली.

आणि लीला चिटणीस. आई, आजीच्या तोंडून हे नाव तू ऐकलं असशील. धारवाडच्या, शिकलेल्या, पदवी घेतलेल्या बाई. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तशा झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी म्हणतात. सुंदर चेहरा म्हणून कंपनीने ज्यांना निवडलं, त्याच लीलाबाई १९४८ साली 'शहीद'मध्ये दिलीपकुमारच्या आई होत्या, आणि १९५१ साली 'आवारा'त राज कपूरच्या. साबणापासून पांढऱ्या साडीपर्यंतचं अंतर सात वर्षांचं. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पुढे कितीतरी वर्षं त्या खोकणारी, शिवणकाम करणारी, मुलाची वाट बघणारी आई करत राहिल्या, आणि शेवटी अमेरिकेत, २००३ साली गेल्या. मला त्यांच्याबद्दल हळहळ वाटते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. त्या भूमिकाही त्यांनी अशा केल्या की हिंदी सिनेमातल्या आईचा साचाच पडला. हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिशी-चाळिशीतल्या बायका तेव्हा जगात होत्याच ना? नवऱ्याशी भांडत होत्या, नोकरीला जात होत्या, कुणाच्या तरी प्रेमात पडत होत्या. त्यांच्यावर कुणी काही लिहीत नव्हतं. नायिका संपली की थेट निरांजन.

आता परिस्थिती थोडी बदललीय. नीना गुप्तांनी २०१७ साली इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, चांगलं काम शोधते आहे, आणि पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. साठीला टेकलेल्या बाईने असं उघड काम मागायला छाती लागते. माझ्यात ती नाही. पण काम समोरून आल्यावर ओळखण्याइतकी अक्कल आहे, आणि या नाटकातली बाई मला वाचताक्षणी ओळखू आली. तिला मुलाची वाट बघायची नाहीये. तिला घर विकायचंय. दोन अंक ती घर विकण्याच्याच मागे आहे.

आता केसांचं. आई, तू ट्रॅव्हल्सच्या बसमधून पाठवलेलं माक्याचं तेल मिळालं, बाटलीभोवती तीन पिशव्या आणि वर जुनं फडकं गुंडाळलं होतंस त्यामुळे एक थेंब सांडला नाही. रविवारी लावते. पण ते लावून केस काळे होणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे, नाहीतर तुझे झाले असते. मी डाय बंद केलाय तो काही व्रत म्हणून नाही. टाळूला खाज सुटायची, पुरळ यायचं, आणि डॉक्टर म्हणाल्या की डायमधल्या रसायनाची ॲलर्जी एकदा सुरू झाली की वाढतच जाते. उद्या कुणी चांगली पंचेचाळीस वर्षांची बाई लिहिली आणि तिचे केस काळे हवे असतील तर विग घालीन. तोपर्यंत हे आहेत ते आहेत. वहिदा रेहमान राष्ट्रपतींच्या हातून फाळके पुरस्कार घ्यायला गेल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र केसांनीच गेल्या होत्या, तुम्हीच बातम्या बघून मला फोन केला होतात, "काय दिसतात!" म्हणून. मग माझ्याच वेळी सांगलीभर काळजी का?

आणखी एक. बाबांनीही रिटायर होईपर्यंत केस रंगवले होते. रिटायर झाले आणि पुढच्या महिन्यापासून ब्रश-वाटी माळ्यावर गेली. तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं का, "अहो, यांना बरं नाहीये का?" मला मात्र आपल्या बोळाच्या तोंडापासून घरापर्यंत येताना दोघींनी विचारलं.

बोटॉक्सबद्दल तू हळूच विचारलंस, तेही सांगते. नाही केलं. आमच्या क्षेत्रात जवळजवळ सगळ्यांना त्याचा दर माहीत असतो, आणि ज्या करतात त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचं पोट त्या चेहऱ्यावर आहे. त्या इंजेक्शनाने होतं काय, तर कपाळाच्या स्नायूला मेंदूकडून येणारा निरोप पोचत नाही. स्नायू आखडत नाही, म्हणून आठी पडत नाही. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो की पुन्हा टोचायचं. पण मला आठीच लागते गं! नाटकात दुसऱ्या अंकात एक जागा आहे, तिथे मुलगा खोटं बोलतोय हे तिला कळतं आणि ती काहीच बोलत नाही. तिथे माझ्याकडे वाक्य नाही, हालचाल नाही, फक्त कपाळ आहे.

बाबा, पुढचा परिच्छेद तुम्ही वगळलात तरी चालेल. आई, ते दिवस सुरू झालेत. प्रयोगाच्या मधेच छातीतून उकाडा वर चढतो, कानाच्या पाळ्या भाजतात, आणि वर दिव्यांचा झोत. मेकअप मानेवरून ओघळतो. विंगेत गेले की आमची हेअरताई काही न बोलता ओला रुमाल मानेवर ठेवते, स्वतःचंही तेच चालू असल्यामुळे तिला सांगावं लागत नाही. तुझं हे सगळं कधी झालं ते मला आठवतही नाही. त्या वर्षी तू फार चिडचिड करायचीस एवढं आठवतं, आणि आम्ही भावंडं तुला हसायचो. तू कुणाशी बोलली होतीस का? की पोळ्या लाटता लाटताच काढलेस ते दिवस? आलीस की निवांत विचारणार आहे.

कपड्यांचं तुला फार पडलेलं असतं म्हणून सांगते. पुरस्कार सोहळ्यात तू पाहिलास तो निळा गाऊन माझा नव्हता. स्टायलिस्ट मुलगी आणते, आत कंपनीची चिठ्ठी तशीच ठेवून घालायचा, मागून पिनांनी आवळायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. "कितीला?" या तुझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं ते त्यामुळे. या वेळी त्या मुलीला नको म्हटलं. तुझी ती टोपपदराची इरकल माझ्याकडेच आहे, गुळेदगुड्डच्या खणाचा ब्लाऊज मी इथे शिवून घेतला. आता खणाच्या पर्सेस, खणाचे मास्क, खणाच्या डायऱ्या निघाल्यात, त्या पाहून तू हसशील, पण ब्लाऊजला अजून त्याच्यासारखं कापड नाही. गंमत म्हणजे त्या मुलीने फोटो पाहून विचारलं, "मॅम, हा लुक कुणी केला?" मी तुझं नाव सांगितलं, तर तिने तुझं इन्स्टा हँडल मागितलं.

आपल्याकडे बायकांनी कसं दिसावं हे एके काळी बालगंधर्वांनी ठरवलं, हे आजीच सांगायची. त्यांचे शालू, त्यांचा गजरा, त्यांची पदर घ्यायची तऱ्हा घरंदाज बायका उचलायच्या. पन्नाशी उलटल्यावर, अंग सुटल्यावरही ते लुगडं नेसून उभे राहत आणि गाणं सुरू झालं की लोकांना वयाचं भान राहत नसे. पुरुषाला हे मिळालं, बाईचं काम करूनही मिळालं, याचा मला हेवा वाटतो. पण त्यात एक गोष्ट रंगभूमीचीही आहे. पंधराव्या रांगेतून सुरकुती दिसत नाही. तिथून दिसते ती पाठ, मान, पावलं. म्हणून रंगभूमीवर म्हातारपण मेकअपने येत नाही, कितीही पांढरं फासा. कंबरेत वाकून थरथरत्या आवाजात बोललं की टाळ्या येतात, पण ती नक्कल झाली. अडुसष्टाव्या वर्षी कुणी तसं वाकून चालतं का?

इथेच तुम्ही दोघं येता. गणपतीत घरी आले होते तेव्हा मी तुमच्याकडे जरा जास्तच बघत होते, हे बाबांच्या लक्षात आलं होतं. आई, तू खुर्चीतून उठतेस तेव्हा आधी पुढे सरकतेस, मग डावा हात गुडघ्यावर ठेवतेस, आणि उठायच्या आधी क्षणभर थांबतेस. त्या क्षणात तू काहीतरी भलतंच बोलतेस, "दूध उतू जाईल," किंवा "कोण आलंय बघ." कुणाला कळू नये की तू जोर गोळा करतेयस. खांदा धरल्यापासून तू पुढच्या हुकांचे ब्लाऊज शिवून घेतलेस आणि वर पदर असा घेतेस की हुक दिसत नाहीत. पाटली बोटांच्या पेरांवरून निघत नाही म्हणून तू ती काढतच नाहीस, आणि "सवाष्णीचा हात रिकामा नको" असं कारण देतेस. बाबा जिना उतरताना पायरीकडे बघत नाहीत, पायाने चाचपतात, आणि तोपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल काहीतरी टिप्पणी करतात. तुम्ही दोघंही दिवसभर हे इतकं बेमालूम करता की नाट्यशाळेत कुणी शिकवू शकणार नाही. माझ्या भूमिकेतली बाई पूर्ण वेळ हेच करते. दिग्दर्शकाने तालमीत विचारलं, ही उठण्याची लकब कुठून आणलीस? मी म्हटलं, घरून.

तर आता परवानगी द्या. नाही दिलीत तर दुसरं काहीतरी शोधीन, पण द्या.

आई, पुतणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तू प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे आहेस. समोरचे दात काढल्यापासून तू कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात जातेस, हे मला दादाने सांगितलं. कवळी बसेपर्यंत थांबू असं तू म्हणशील. मला कवळी बसायच्या आधीचेच फोटो हवेत. नुसते फोटो नाहीत, व्हिडिओ. दादाला सांगितलंय, तो शनिवारी येईल. काही सजू नकोस. भाजी निवड, फोनवर बोल, देव्हारा पूस, खुर्चीतून ऊठबस कर. तो मधे मधे "हस ना" म्हणेल, त्याचं ऐकू नकोस.

शुभारंभ मुंबईत आहे, पण दिवाळीनंतर भावे नाट्यमंदिरात प्रयोग ठरतोय. १८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटक उभं राहिलं तिथलं पब्लिक कुणाची भीड ठेवत नाही, त्यामुळे पोटात आत्तापासूनच गोळा आहे. बाबांना मधल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीचं तिकीट काढते, म्हणजे पाय पसरता येतील. मशीनचे नवे सेल आठवणीने आणा, आणि मध्यंतरात कुणाला सांगू नका की ती तुमची मुलगी आहे, निदान दुसरा अंक होईपर्यंत तरी.

आणि आई, पुढच्या हुकांचा एक जुना ब्लाऊज मापाला पाठव. आमचे कपडेपट बघणारे दादा म्हणतात हुक मागेच बरे दिसतात. त्यांना दाखवायचाय.

तुमची,
धाकटी