कपड्यांच्या शब्दांचा प्रवास दुहेरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र तो बटाटा, पाव, पगार, चावी यांच्यापुढे सरकलाच नाही. शिवाय पोर्तुगीजांनी दिले आणि आपण घेतले, असाच त्याचा सूर होता. कपड्यांच्या शब्दांकडे पाहिले तर तो टिकत नाही.

शिंपी ज्याला काज म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून आला. काझा म्हणजे घर, इथे बटणाचे घर. 'फीत'ही त्यांचीच. हे ऋण मान्यच आहे. गोव्यातल्या बार्देशातल्या आसगावात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू मोन्सिन्योर (ही चर्चमधली मानाची पदवी) सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांत रुजलेले असे पोर्तुगीज शब्द १९१३ साली ग्रंथरूपात मांडले. पण याच माणसाने पुढे १९१९ ते १९२१ या काळात पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचाही दोन खंडांचा कोश केला! लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. आपले छिटाचे कापड तिकडे 'शिता' झाले. पोर्तुगालमधल्या आल्कोबासाची फुलापानांची शिता आजही नावाजलेली आहे.

स्पेनमधली गोष्ट तर याहून सुरस. व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्याच्या पारंपरिक वेशात गुडघ्यापर्यंतची पांढरी, घेरदार विजार असते. तिला 'थाराग्वेयेस' म्हणतात. मूळ फारसी 'शलवार' अरबीत 'सरावील' झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचला. पोर्तुगीज 'सिरोलश', म्हणजे आतून घालायची लांब विजार, हा शब्दही त्याच घरातला. वर अंगात घालायची ती 'कामिसा', म्हणजे उत्तरकालीन लॅटिनमधली 'कामिसिया'. अरबी 'कमीस' आणि आपली कमीज तिच्याच नात्यातल्या. म्हणजे व्हॅलेन्सियाचा तो शेतकरी शब्दांच्या हिशेबाने सलवार-कमीजच घालतो.

कपड्यांना स्पॅनिशमध्ये सरसकट 'रोपा' म्हणतात. तो शब्द प्राचीन जर्मानिक गॉथ टोळ्यांचा, मूळ अर्थ लूट. 'रोबार', म्हणजे चोरणे, हाही त्याच कुळातला. लुटीच्या मालात अंगावरची वस्त्रेही आलीच. पोर्तुगीज 'काल्सश', म्हणजे पँट, हा शब्द मात्र लॅटिनमधल्या बुटाच्या नावावरून निघून पायावरून कमरेपर्यंत चढला.

तेव्हा एखादा शब्द 'पोर्तुगीज' म्हणून छापताना तो पोर्तुगालात कुठून आला, हेही दोन ओळींत द्यावे. कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषा जाणणारी मंडळी गोव्यात आहेत. पुढचा लेख त्यांच्यापैकी कोणाकडून तरी लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी