बदलीच्या यादीत एक रकाना वाढवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयांत २७ वर्षं अधिपरिचारिका होते. एका रात्रीविषयी लिहिते.

नवजात कक्षात आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ होतं. श्वासागणिक छाती आत ओढली जात होती, बाळ कण्हत होतं. डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकलेले. सीपॅपचं यंत्र, म्हणजे नाकातून दाबानं हवा देऊन बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारं, हाताशी होतं, पण ते चालवायला शिकून आलेल्या एकमेव सिस्टरची मे महिन्यात बदली झाली होती, लसीकरणाला. माझ्यासोबतची मुलगी नवी, आणि मीही ते यंत्र कधी लावलं नव्हतं. रात्री दोन वाजता त्या सिस्टरला फोन लावला. तिनं पहिल्यांदा विचारलं, "बाटलीत बुडबुडे येतायत का?" येत नव्हते. "मग हवा गळतेय. नाकापाशी बघा, नळी नीट बसली नसेल." टोपी घट्ट केली, नळी सरळ केली आणि बुडबुडे सुरू झाले. बाळ वाचलं.

साहेब, पदभरती हवीच, त्यासाठी मीही मोर्च्यात चालले आहे. पण पद भरलं म्हणजे काम येणारा माणूस आला, असं होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस प्रोजेक्टर बघून, हजेरीपटावर सही करून हात तयार होत नाही. तो बाळाशेजारी उभं राहून, चार वेळा चुकून, कुणीतरी दुरुस्त करून तयार होतो.

हे आपल्याच राज्यानं दाखवून दिलं आहे. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतले नवजात मृत्यू जवळजवळ ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्या बायका फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांचं काम जागेवर येऊन तपासलं जायचं, शिकवणं थांबत नव्हतं.

पुढे तर याची गरज वाढणारच आहे. उपकेंद्रात पूर्वी लस आणि बाळंतपण असायचं. आता बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत, अर्धांगवायू झालेले म्हातारे आहेत, पोरं पुण्या-मुंबईला. पाठीला झालेली जखम कशी धुवायची, कूस कधी बदलायची, हे त्या घरातल्या सुनेला आरोग्यसेविकाच दाखवणार. तिला कोण दाखवणार?

माझ्या सेवापुस्तकात रजा आहेत, वेतनवाढी आहेत. मला कोणतं काम येतं, हे बदली करताना मला कुणी विचारलं नाही. म्हणून मागणी एवढीच: विशेष प्रशिक्षणाची नोंद बदलीच्या यादीत घ्या, आणि अशा सिस्टरनं त्याच कक्षात आणखी दोघींना तयार केल्याशिवाय तिला हलवू नका. शिकवण्याचे ते तास तिच्या ड्युटीतच धरा. यंदाचे आदेश मे महिन्यात निघण्याआधी हे होऊ शकतं.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका