गियर ऑइल घरी बदलाल, पण जुनं तेल टाकायचं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी गाडी कन्नड घाटात दुसरा गियर टाकला की करकर करायची, गॅरेजवाले इंजिन ऑइल दरवेळी बदलतात पण गियरबॉक्सकडे कोणी बघतच नाही, म्हणून मागच्या रविवारी घरीच अंगणात बदललं. तेल निघालं काळंकुट्ट आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा, अगदी चिखलासारखा चिकटलेला. तेल मॅन्युअल बघूनच आणा, जीएल-४ (गियर ऑइलचा एक प्रकार) लिहिलंय तिथे जीएल-५ टाकलं तर पितळी सिंक्रो रिंग, म्हणजे गियर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्या, खराब होऊ शकतात. आणि आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघा मगच खालचा खोला, नाहीतर गियरबॉक्स रिकामा आणि गाडी जागेवरच. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

पण खरं दुखणं पुढंच आहे. दोन लिटर जुनं तेल कॅनमध्ये घेऊन मी चार ठिकाणी फिरलो, एकाने सरळ सांगितलं, गटारीत ओता. अहो, चाळीसगावची गटार तितूर नदीला जाते आणि तितूर गिरणा नदीला! केंद्र सरकारच्या घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलंय, मग नगरपालिकेने महिन्यातून एक दिवस तरी ते गोळा करावं ना. कॅन अजून जिन्याखाली पडून आहे.

– एक वाचक, चाळीसगाव