पाकिटावर एक धातू, आत दुसराच

सातारा
दि. १८ ऑगस्ट

प्रति,
मा. व्यवस्थापक, विक्री विभाग

विषय: चेंबर कास्टिंगच्या मिश्रधातूऐवजी भलताच मिश्रधातू पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

साताऱ्यात माझं शस्त्र दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. गेल्या महिन्यात आपल्याकडून अर्धा किलो चेंबर कास्टिंगचा मिश्रधातू मागवला. चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, तिचं माप घ्यायला हा धातू आत ओततात. बिलावर आणि पाकिटावरही ‘७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळणारा’ असं छापलेलं आहे. आतल्या कांड्या मात्र दुसऱ्याच धातूच्या निघाल्या.

पाटणकडच्या एका शेतकऱ्याची ३१५ बोअरची जुनी रायफल माझ्याकडे आली होती. परवाना पीक राखणीचा. झाडल्यावर पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) अडकते आणि बुडाजवळ फुगलेली निघते, ही त्यांची तक्रार. चेंबर झिजलंय का, हे आत व्हर्नियर घालून कळत नाही. आत धातू ओतून जो साचा निघतो, तोच मापावा लागतो. नळी सुटी करून तोंड खाली धरून शिकंज्यात आवळली, चेंबर पुसून कोरडं केलं, पुढे बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या पोकळीत, कापडाचा बोळा ठासला आणि उकळत्या पाण्यात वाटी ठेवून वितळवलेला धातू ओतला.

या कामाचा खरा धातू थिजल्यावर आधी किंचित आकसतो, म्हणून लाकडी दांडीने हलकं ठोकलं की साचा सुटतो. तासाभराने तो बरोबर चेंबरच्या मापावर येतो आणि त्यानंतर फुगत जातो. आमचा सगळा हिशेब त्या एका तासावर असतो. आपल्या धातूचा साचा हातोडीचे घाव घातल्यावर कसाबसा निघाला. तासाने मायक्रोमीटर लावला तर बुडाशी माप बरंच जास्त. ‘नळी गेली’ असं मालकांना कळवायला मी फोन हातात घेतलाही होता, पण ते हातोडीचे घाव मनातून जाईनात.

म्हणून थर्मामीटर लावून धातू पुन्हा वितळवला. खरा धातू निवताना ८८ पासून ७० पर्यंत लापशीसारखा दाटत जातो. हा ७० अंशांपर्यंत पाण्यासारखा पातळ राहिला, तिथे पारा थबकला आणि सगळा धातू तिथेच थिजला. पातळ नळ्या वाकवताना आत भरतात तो हा बिस्मथचा धातू. थिजताना तो फुगतो. खात्रीसाठी १२.०० मिलिमीटरच्या रिंग गेजमध्ये (अचूक मापाच्या भोकाच्या कड्यात) ओतला आणि दाबून बाहेर काढला. तासाने माप आलं १२.०६.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, ‘दोन्ही बिस्मथचेच, काही फरक पडत नाही.’ साहेब, फरक पडतो. ते ०.०६ म्हणजे जवळजवळ अडीच थाऊ (इंचाचे हजारावे भाग). चांगली नळी भंगारात काढायला एवढी चूक पुरते. माणूस ही रायफल गालाला लावून चाप ओढतो, मी मापात चुकलो तर भोगायचं त्याने. आणि रायफल अजून माझ्याच कपाटात आहे. तिकडे भुईमुगात रानडुकरं घुसतायत आणि मालक दर दोन दिवसांनी फोन करतात. चेंबर खरंच झिजलंय का, हे त्यांना मी आजही सांगू शकत नाही.

आणखी एक. या धातूंत शिसं आणि कॅडमियम असतं, पण पाकिटावर त्याचा एक शब्द नाही. कुणी अजाणता थेट बर्नरवर जास्त तापवला तर कॅडमियमचा धूर छातीत जाईल. ही सूचना मोठ्या अक्षरांत मराठीत छापा.

योग्य धातू आठ दिवसांत आपल्या खर्चाने पाठवावा, चुकीचा परत न्यावा आणि याच लॉटमधला माल ज्यांना गेला त्या सगळ्यांना लेखी कळवावं. माझ्यासारखा आणखी कुणी या मापावर भरवसा ठेवून बसला असेल. हे दुकान माझ्या एकट्याच्या पोटापाण्याचं आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मलाही लागू होतो. उत्तर आलं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, पाकिटाचा फोटो आणि रिंग गेजमधला साचा सोबत पाठवत आहे. साचा आपल्या मायक्रोमीटरने मापून पाहावा.

आपला,
परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकार, सातारा