अरुंद जागेतील यार्ड आणि शंटिंग नेक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील छंदांविषयीच्या लेखात, छोट्या आगगाडीचे यार्ड मांडायचे तर स्वतंत्र खोली हवीच, अशा अर्थाचे विधान वाचले. नोकरीची बहुतेक वर्षे रेल्वेत शंटिंगच्या, म्हणजे यार्डात मालगाडीच्या वाघिणी (डबे) जोडण्या-तोडण्याच्या, कामावर काढलेला आणि सध्या अजनीतील दोन खोल्यांच्या घरात नातवासह हाच उद्योग करणारा माणूस म्हणून मला ते पटले नाही. जागा कमी पडते ती बहुधा रुळांच्या ओळी जास्त आखल्यामुळे.

आमचीच चूक सांगतो. 6 फूट लांब आणि सव्वा फूट रुंद प्लायवूडच्या फळीवर एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87 मध्ये, आम्ही सहा ओळी आखल्या. कागदावर यार्ड भरगच्च दिसत होते. नातू खूश होता आणि खरे सांगायचे तर मीही. पण सांधा म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो ती जागा; एकास चारच्या सांध्याने फुटलेली ओळ शेजारच्या ओळीपासून 5 सेंटीमीटर दूर जाईपर्यंत लांबीतले 20 सेंटीमीटर खर्च होतात, त्यामुळे असे पाच सांधे एकामागोमाग लावले की 183 सेंटीमीटरच्या फळीतला मीटरभर भाग केवळ सांध्यांतच जातो. (खऱ्या यार्डातला एकास साडेआठचा सांधा हट्टाने बसवला असता, तर एकेका ओळीने 42 सेंटीमीटर गिळले असते.) शंटिंग नेक, म्हणजे वाघिणी ओढून घेऊन इंजिन ज्या रुळावर सांधा बदलेपर्यंत थांबते ती, आमच्याकडे जेमतेम वीतभर उरली होती. एकच वाघीण ओढली आणि इंजिनाची पुढची चाके फळीच्या कडेवरून कूलरच्या दिशेने लोंबकळू लागली.

म्हणून आखणी नेकपासून सुरू करावी आणि फूटपट्टीऐवजी वाघीण हेच माप धरावे. बॉक्सएन ही मालगाडीची उघडी वाघीण कपलिंगसह सुमारे 10.7 मीटर लांब असते, म्हणजे एचओमध्ये 12.3 सेंटीमीटर. अशा 58 वाघिणींची पूर्ण मालगाडी या प्रमाणातही 7 मीटरच्या वर जाते, तेव्हा अख्खा रेक उभा करण्याचा मोह फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सोडावा आणि गाडी जोडण्या-तोडण्यातली मजा घ्यावी.

त्यासाठी ब्रिटनमधील अ‍ॅलन राइट यांची ‘इंग्लनूक’ मांडणी मला सर्वांत चोख वाटते. तीन ओळी, दोन सांधे. एका ओळीत पाच वाघिणी, उरलेल्या दोन ओळींत तीन-तीन आणि नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी. वाघिणी एकूण आठच असतात. चिठ्ठ्या काढून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम 6720 होतात. नेकमध्ये तीनच वाघिणी मावतात म्हणून प्रत्येक हालचाल आधी डोक्यात करावी लागते, आणि कसलेल्या शंटमनचे कामही नेमके हेच असते. आमच्या फळीवर नेकला 57, दोन सांध्यांना 44 आणि पाच वाघिणींना 62 सेंटीमीटर गेले. उरलेले 20 सेंटीमीटर फाउलिंग मार्कच्या, म्हणजे ज्याच्या पुढे उभी वाघीण शेजारच्या ओळीवरच्या गाडीला घासेल त्या खुणेच्या, कामी आले. तो मार्क मोजमापाने काढू नये. शेजारच्या दोन ओळींवर वाघिणी ठेवून त्या एकमेकींना घासतील इतपत सांध्याकडे सरकवाव्यात आणि त्या जागेपासून बोटभर मागे, सांध्यापासून दूर, ओळीच्या बाजूला, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा.

नागपूरकरांसाठी आणखी एक सूचना. उन्हाळ्यात रुळांपेक्षा लाकूड जास्त त्रास देते. कूलरच्या दमट हवेने आमची फळी फुगली आणि एक जोड नखभर वर आला. रूळ बसवण्यापूर्वी फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश द्यावे.

मोतीबागेच्या संग्रहालयातील नॅरोगेजची इंजिने पाहून आलेल्या नातवाने आता नवाच हट्ट धरला आहे. 762 मिलिमीटरचे ते गेज (दोन रुळांमधले अंतर) 1:87 मध्ये पावणेनऊ मिलिमीटर भरते, त्यामुळे बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा एन गेज रूळ त्याला चालतो. (आपले 1676 मिलिमीटरचे ब्रॉडगेज मात्र 19.3 भरते आणि आपण ते 16.5 च्या रुळावर चालवतो, ही तडजोड मुकाट्याने स्वीकारावी लागते.) फळीच्या मागच्या कडेला चार बोटे जागा शिल्लक आहे. तिथे एक नॅरोगेज ओळ आणि छोटा मालधक्का बसतो का, हे आम्ही सध्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून पाहत आहोत.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
अजनी, नागपूर